गुदाशयाचा कर्करोग : दुर्बीण, रोबोट आणि सातबारा

शेतीच्या पानावर आज दवाखान्याचा विषय घेतला आहे. त्याला कारण आहे. गावात जमीन कशामुळे विकली गेली हे विचारत गेलात, तर मुलीचे लग्न आणि सावकाराचे देणे यांच्या जोडीला घरातले मोठे दुखणे हे कारण हमखास सापडते. मोठ्या दुखण्यांत कर्करोगाचे नाव आता गावोगाव ऐकू येते. त्यातल्या गुदाशयाच्या, म्हणजे शौचाच्या जागेच्या वरच्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल हल्ली एक नवा प्रश्न पारावर निघतो. एक जण म्हणतो, “पोट उघडून ऑपरेशन करतात.” दुसरा म्हणतो, “छे, दुर्बिणीतून करा.” तिसरा सांगतो, “आता रोबोट आलाय, वरचे पैसे भरा पण तेच करून घ्या.” अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसाने काय करायचे? एकर विकून रोबोट गाठायचा, की सरकारी योजनेत होईल ते ऑपरेशन करून घ्यायचे?

आम्ही विस्तारखात्याची माणसे. डॉक्टर नव्हे. पण दोन पद्धती शेजारी शेजारी लावून कोणती सरस हे पाहणे, हा आमचा रोजचा धंदा आहे. गुदाशयाच्या ऑपरेशनाबाबत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर असेच प्लॉट लागले आहेत आणि त्यांचे निकाल छापून आले आहेत. चीनमधल्या एका मोठ्या चाचणीचे तीन वर्षांचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून रोबोटची चर्चा जास्तच वाढली आहे. ते आकडे आपल्या हिशेबाने कसे वाचायचे, ते या लेखात पाहू.

दुखणे कोणते?

मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १२ ते १५ सेंटीमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. तिथे गाठ झाली की शौचातून रक्त पडते, शेंब पडते, शौचाला जाऊन आले तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, दिवसातून चार-चार वेळा जावेसे वाटते, पुढे वजन घटते, अंगातले रक्त कमी होते. यातले रक्त पडणे हे लक्षण मूळव्याधीतही असते, आणि घात इथेच होतो. माणूस लाजेने महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाही. सांगितले तर घरचे म्हणतात, “तिखट कमी खा, मूळव्याध असेल.” मग झाडपाला, मलम, रस्त्यावरची पाटी बघून घेतलेली औषधे, यात वर्ष निघून जाते.

हा म्हाताऱ्यांचाच रोग आहे, असेही समजू नका. पाश्चात्त्य देशांत याचे बहुतेक रोगी साठीच्या आसपासचे किंवा पुढचे असतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१७ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांची पाहणी छापली. त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. सत्तेचाळीस म्हणजे घर चालवणारा, कर्ज डोक्यावर असलेला, मुले शिकत असलेला माणूस.

रोग कोणत्या पायरीवर सापडतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की रोग गुदाशयातच असताना सापडला, तर पाच वर्षांनी दहांपैकी नऊ रोगी हयात असतात. तोच रोग यकृतात, फुप्फुसात पसरल्यावर सापडला, तर दहांपैकी जेमतेम दोघे. एवढा मोठा फरक दुर्बीण आणि उघडे ऑपरेशन यांच्यात कुठेच निघालेला नाही. पुढचे सगळे आकडे वाचताना ही गोष्ट मनात ठेवा.

ऑपरेशनात काढतात काय?

शंभर वर्षांपूर्वी या रोगावर इलाज म्हणजे सगळे गुदाशय गुदद्वारासह काढून टाकणे. लंडनच्या डॉ. माइल्स यांनी १९०८ मध्ये ही पद्धत मांडली. रोगी वाचला तरी पोटावर शौचाची पिशवी कायमची येई. शिवाय ऑपरेशन होऊनही त्याच जागी रोग पुन्हा उगवण्याचे प्रमाण फार होते.

त्यात मोठा बदल केला इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावच्या डॉ. हील्ड यांनी. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते आणि त्यात बारीक गाठी असतात. रोगाचे कण आधी तिथे जाऊन बसतात. ते वेष्टन न फाडता, मक्याचे कणीस पाल्यासकट तोडावे तसे, सगळे एकत्र बाहेर काढले पाहिजे, असे त्यांनी १९८२ मध्ये मांडले. पूर्वी हाताने ओढून काढताना वेष्टन फाटे आणि रोगाचे बी मागे राही. हरळीची एक काडी जमिनीत राहिली तर काय होते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पुढे नेदरलँड्समध्ये १८६१ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचा निकाल २००१ मध्ये आला. हील्ड यांच्या पद्धतीचे ऑपरेशन सगळ्यांचेच केले होते. निम्म्यांना त्याआधी पाच दिवस रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो, तो दिला. दोन वर्षांनी त्याच जागी रोग परतल्याचे प्रमाण नुसत्या ऑपरेशनात शंभरात ८.२ आणि शेक देऊन ऑपरेशन केलेल्यांत २.४ निघाले. म्हणजे या रोगात ऑपरेशन हा इलाजाचा एक भाग आहे. एमआरआय बघून आधी शेक द्यायचा का, केमो द्यायची का, हे ठरवावे लागते. दवाखान्यात गेल्याबरोबर दुसऱ्या दिवशी टेबलावर घेणारा डॉक्टर झटपट काम करतो म्हणून तो चांगला, असे या रोगात समजू नये.

दुर्बीण म्हणजे काय?

कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे दुर्बिणीचे ऑपरेशन खेड्यात नवे नाही. पित्ताशयातले खडेही आता असेच काढतात. डॉ. टी. ई. उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली. मोठ्या आतड्यावर दुर्बीण वापरायला अमेरिकेत १९९१ च्या सुमारास सुरुवात झाली.

उघड्या ऑपरेशनात बेंबीच्या वरपासून खालपर्यंत मोठा छेद घेतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात अर्ध्या ते एक सेंटीमीटरची चार-पाच छिद्रे पाडतात, पोटात वायू भरून जागा करतात, एका छिद्रातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून लांब हत्यारे घालतात. पडद्यावर बघून काम होते. काढलेला भाग बाहेर घेण्यापुरता शेवटी एक लहान छेद घ्यावा लागतो. रोबोट म्हणजे याचीच पुढची पायरी. हत्यारे यंत्राच्या हातांत असतात आणि डॉक्टर बाजूला बसून ते हात चालवतो. रोबोट स्वतः ऑपरेशन करतो, हा गैरसमज आहे. ट्रॅक्टर कितीही भारी असला तरी तास सरळ जाणे हे चालवणाऱ्यावर असते, तसेच हे.

गुदाशय असते ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद कड्यात. पुरुषांत हे कडे आणखी अरुंद. अरुंद विहिरीच्या तळाशी वाकून काम करावे, तशी ही जागा. दुर्बिणीमुळे उजेड आणि डोळा थेट तळापर्यंत जातो, हा फायदा. पण लांब, सरळ हत्यार तिथे हवे तसे वळत नाही, ही अडचण. रोबोटची हत्यारे मनगटासारखी वळतात. म्हणून याच ऑपरेशनात रोबोटचा उपयोग जास्त व्हावा, असा अंदाज होता.

चाचणी म्हणजे आपला प्लॉटच

नवे वाण आले की आपण काय करतो? एकाच शेतात, एकाच जमिनीत, काही वाफे जुन्या वाणाचे आणि काही नव्याचे लावतो. कोणता वाफा कोणत्या वाणाला, हे चिठ्ठी टाकून ठरवतो. नाहीतर चांगली जमीन नव्या वाणाला दिली जाते आणि निकाल खोटा येतो. माणसांच्या चाचणीतही हेच करतात. रोग्यांची संमती घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात आणि मग वर्षानुवर्षे मोजणी ठेवतात.

हे सगळे परदेशातच होते असे नाही. आपल्या बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने टाटा रुग्णालयाबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गावांचे ५२ गट पाडून एक लाख तीस हजारांहून जास्त स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी केली. २००९ मध्ये छापलेला तिचा निकाल जगभर वाचला गेला. तेव्हा ‘चाचणी म्हणजे आपल्यावर प्रयोग’ ही भीती सोडून निकाल वाचायला शिकले पाहिजे.

निकाल काय आले?

पहिली मोठी चाचणी इंग्लंडची. २७ दवाखाने, ७९४ रुग्ण, निकाल २००५ साली. यात मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे, दोन्ही रोगी होते. गुदाशयाच्या रोग्यांत दुर्बिणीने सुरू केलेल्या शंभरांपैकी ३४ ऑपरेशनांत मध्येच पोट उघडावे लागले. म्हणजे तिघांतल्या एकाला दुर्बिणीचा फायदा मिळालाच नाही. पण त्याच चाचणीत सगळ्या रुग्णांचा मिळून वर्षवार हिशेब काढला, तेव्हा हे प्रमाण पहिल्या वर्षी ३८ आणि सहाव्या वर्षी १६ असे उतरलेले दिसले. यंत्र तेच होते. हात बसत गेला.

दुसरी चाचणी युरोपची. आठ देश, ३० दवाखाने, १०४४ रुग्ण. पहिला निकाल २०१३ चा, तीन वर्षांचा निकाल २०१५ चा. मुख्य आकडे असे :

• वेळ : दुर्बिणीला २४० मिनिटे, उघड्याला १८८ मिनिटे.
• रक्तस्राव : दुर्बिणीत २०० मिली, उघड्यात ४००.
• दवाखान्यातला मुक्काम : दुर्बिणीत ८ दिवस, उघड्यात ९.
• आतडे पुन्हा चालू होणे : दुर्बिणीत २ दिवस, उघड्यात ३.
• काही ना काही गुंतागुंत : दुर्बिणीत शंभरात ४०, उघड्यात ३७.
• जोडलेले आतडे गळणे : दुर्बिणीत शंभरात १३, उघड्यात १०.
• तीन वर्षांत त्याच जागी रोग परतणे : दोन्हींत शंभरात ५.
• तीन वर्षांनी हयात : दुर्बिणीत शंभरात ८६.७, उघड्यात ८३.६. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, एवढा लहान.

आता हे पत्रक नीट बघा. दुर्बिणीत रक्त कमी गेले आणि माणूस लवकर उठला. हा फायदा खरा आहे. घरी एक दिवस आधी येणे म्हणजे गडी-माणसाचा, डब्याचा, भाड्याच्या खोलीचा एक दिवस वाचला. पण गुंतागुंत दोन्हींत जवळपास सारखीच आली, आणि रोग परतण्याचे प्रमाण तर अगदी सारखे. ‘दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे काही नाही, किरकोळ’ असे कोणी म्हणाला, तर त्याला हे आकडे दाखवा. छिद्र लहान असले तरी आतले ऑपरेशन तेवढेच मोठे असते.

कोरियात ३४० रुग्णांवर अशीच चाचणी झाली. त्यांना आधी शेक व केमो दिलेली होती. २०१४ च्या निकालात तीन वर्षे रोगाशिवाय राहिलेले दुर्बिणीत शंभरात ७९ आणि उघड्यात ७२ च्या पुढे निघाले. म्हणजे तिथेही दुर्बीण मागे पडली नाही.

मग शंका कुठून आली?

२०१५ मध्ये दोन चाचण्यांनी धक्का दिला. एक अमेरिका-कॅनडाची, ४८६ रुग्णांची. दुसरी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची, ४७५ रुग्णांची. त्यांनी माणसे जगली किती हे बघायच्या आधी, काढलेला आतड्याचा तुकडा तपासला. वेष्टन अखंड आहे का, कडा रोगमुक्त आहेत का, हे पाहिले. दोन्ही गोष्टी नीट जमल्याचे प्रमाण अमेरिकेत दुर्बिणीत शंभरात ८१.७ आणि उघड्यात ८६.९ आले. ऑस्ट्रेलियात ८२ आणि ८९. दुर्बीण उघड्याच्या तोडीची आहे हे सिद्ध होत नाही, असे दोन्हींनी लिहिले. जगभरचे सर्जन विचारात पडले.

उगवण विरळ दिसली की आपल्याही पोटात गोळा येतो, पण खरे कळते खळ्यावर. या दोन्ही चाचण्यांचे दोन वर्षांचे निकाल २०१९ मध्ये आले. अमेरिकेत त्या भागात रोग परतल्याचे प्रमाण दुर्बिणीत ४.६ आणि उघड्यात ४.५. ऑस्ट्रेलियात ५.४ आणि ३.१, पण जगलेल्यांचे प्रमाण दोन्हींत ९३-९४. म्हणजे भीती वाटली होती तेवढे नुकसान दिसले नाही. तरीही धडा राहिलाच. वेष्टन अखंड निघाले की नाही, हे विचारायचा हक्क प्रत्येक रोग्याला आहे, आणि ते तपासणीच्या कागदावर लिहिलेले असते.

नवे म्हणजे चांगलेच, या समजुतीला नॉर्वेने दिलेले उत्तरही सांगण्यासारखे आहे. खालून, गुदद्वाराच्या बाजूने दुर्बीण घालून वेष्टन सोडवायची एक नवी पद्धत निघाली. अवघड जागी पोचायला ती सोपी, म्हणून तिचा बोलबाला झाला. नॉर्वेत १५७ रुग्णांवर ती वापरली, तेव्हा रोग लवकर आणि जास्त ठिकाणी परतलेला दिसला. अडीच वर्षांच्या आत परतण्याचा अंदाज शंभरात ११ च्या पुढे गेला. नेहमीच्या पद्धतीत तो अडीचच्या आत होता. देशाने ही पद्धत थांबवली. वाण बाजारात आले, बियाणे खपले, पण प्लॉटवर उतरले नाही, तर मागे घ्यायची हिंमत लागते. ती त्यांनी दाखवली.

रोबोटचे काय?

दहा देशांतल्या ४७१ रुग्णांवरची रोबोटची चाचणी २०१७ मध्ये छापून आली. मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटमध्ये शंभरात ८.१ आणि साध्या दुर्बिणीत १२.२ निघाले. फरक एवढा लहान की तो रोबोटमुळेच पडला असे म्हणता आले नाही. खर्च मात्र जास्त.

आता चीनची चाचणी. ११ दवाखाने, ११७१ रुग्णांची मोजणी, आणि सर्जन भरपूर हात बसलेले. २०२२ च्या पहिल्या निकालात कडेला रोग राहण्याचे प्रमाण रोबोटमध्ये शंभरात ४ आणि दुर्बिणीत ७.२ आले. लक्ष द्यावे लागेल अशी गुंतागुंत रोबोटमध्ये १६.२, दुर्बिणीत २३.१. मग २०२५ मध्ये तीन वर्षांचा निकाल आला. त्या भागात रोग परतणे रोबोटमध्ये १.६, दुर्बिणीत ४. रोगाशिवाय राहिलेले ८७.२ आणि ८३.४. एकूण हयात ९४.७ आणि ९३. शेवटच्या आकड्यातला फरक गणिताने ठाम म्हणता येण्यासारखा नाही.

रोबोटच्या बाजूने आजवर आलेला हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण आपल्या भाषेत त्याचा अर्थ लावू. शंभर रोग्यांनी साधी दुर्बीण सोडून रोबोट घेतला, तर तीन वर्षांत दोन-तीन जणांचा रोग त्या जागी परतणे टळेल, आणि तेही ऑपरेशन करणारा तिथल्यासारखा तरबेज असेल तर. आपल्या देशातही आता ‘एसएसआय मंत्र’ नावाचा देशी बनावटीचा रोबोट निघाला आहे. यंत्रे वाढली की दर खाली येतील, अशी आशा ठेवायला जागा आहे. तोवर हिशेब सरळ आहे. रोबोट योजनेत किंवा परवडेल तशा खर्चात, सरावलेल्या हाताकडे मिळत असेल तर जरूर घ्या. त्यासाठी जमीन विकावी, सावकाराकडे जावे, किंवा पैसे जमेपर्यंत ऑपरेशन दोन-चार महिने लांबवावे, एवढे त्या आकड्यांत काही नाही. लांबवल्याने जे नुकसान होईल, ते रोबोट भरून काढणार नाही.

डॉक्टरला काय विचारावे?

वरच्या सगळ्या प्लॉटांतून एक गोष्ट सारखी दिसते. पद्धतीपेक्षा हात मोठा. तेव्हा डॉक्टरसमोर बसल्यावर भीड न धरता हे विचारा :

१. गाठ गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर आहे? ओटीपोटाचा एमआरआय केला का?
२. आधी शेक किंवा केमो लागणार का? शेक पाच दिवसांचा की पाच आठवड्यांचा? (मुंबई-पुण्यात राहायची सोय त्यावर ठरते.)
३. गुदाशयाची अशी ऑपरेशने तुम्ही वर्षाला किती करता? दुर्बिणीतून किती?
४. मध्येच पोट उघडायची वेळ किती जणांवर येते?
५. पिशवी लागणार का? तात्पुरती की कायमची?
६. माझा खर्च योजनेत बसतो का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि एक ध्यानात ठेवा, दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडले, तर डॉक्टर चुकला असे समजू नका. रक्तस्राव होत असेल, गाठ चिकटलेली असेल, तर वेळीच उघडणे हेच शहाणपण.

शेक झाला, आता बरं वाटतंय...

इथे फार मोठी गळती होते. पाच आठवड्यांचा शेक झाला की रक्त थांबते, दुखणे कमी होते, भूक लागते. ऑपरेशन मात्र त्यानंतर साधारण सहा ते बारा आठवड्यांनी असते. या मधल्या काळात माणूस गावी येतो. सोयाबीन काढणीला आलेले असते, नाहीतर उसाची तोड आलेली असते. “आता बरं आहे, सुगी झाली की बघू,” म्हणत तो परत जातच नाही. आणि जातो तेव्हा गाठ पुन्हा वाढलेली असते.

काही थोड्या रोग्यांत शेक-केमोने गाठ पूर्ण नाहीशी होते, हे खरे आहे. ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाबर-गामा यांनी अशा रोग्यांचे ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवायची पद्धत मांडली, आणि आता ती जगभर मान्य होत आहे. पण नजर ठेवणे म्हणजे ठरलेल्या तारखांना बोट घालून तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय, तेही वर्षानुवर्षे. घरी बसून ‘बरं वाटतंय’ म्हणणे याला नजर ठेवणे म्हणत नाहीत. ऑपरेशन टळेल की नाही, हे डॉक्टरच तपासून ठरवतील.

पिशवी आणि पंप

जोडलेले आतडे जुळेपर्यंत पुष्कळ वेळा पोटावर तात्पुरती पिशवी काढतात आणि काही महिन्यांनी दुसऱ्या लहान ऑपरेशनाने बंद करतात. गाठ अगदी खाली असेल तर पिशवी कायमची. दुर्बीण केली म्हणून पिशवी टळतेच असे नाही. ते गाठीच्या जागेवर ठरते. पिशवी असलेला माणूस शेतात जाऊ शकतो, एसटीने फिरू शकतो, पंगतीला बसू शकतो. घरच्यांनी ताट-वाटी वेगळी करायचे काहीच कारण नाही. कर्करोग शिवल्याने होत नाही.

पिशवी बंद झाल्यावर किंवा मुळात टळल्यावरही काही महिने शौचाला वारंवार आणि घाईने जावे लागते. बऱ्याच जणांना हा त्रास होतो. औषध, खाण्यातला बदल आणि गुदद्वाराच्या स्नायूंचा व्यायाम यांनी तो कमी करता येतो. सांगायला लाजू नका.

कामाचे म्हणाल तर, चालणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच सुरू करायला लावतात. वजन उचलणे मात्र दुर्बिणीच्या ऑपरेशनानंतरही निदान सहा ते आठ आठवडे बंद, आणि पोट उघडले असेल तर त्याहून जास्त. नक्की मुदत तुमच्या सर्जनकडून घ्या. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो. पोते, पाण्याचा हंडा, वैरणीचा भारा, सगळे त्यातच आले. टाके वरून सुकलेले दिसले तरी आतली शिवण कच्ची असते, आणि जोर पडला की अंतर्गळ उतरतो. तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरली की त्या हंगामाच्या फवारणीची आणि काढणीची व्यवस्था भाऊबंदांशी आधी बोलून ठेवा.

पैशाची वाट

राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली. आता दोन्ही मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि २०२४ पासून राज्याच्या योजनेत रेशनकार्डाच्या रंगाची अट उरलेली नाही. कर्करोगाची ऑपरेशने, केमो आणि शेक योजनेत आहेत. मात्र प्रत्येक दवाखाना योजनेत नसतो, आणि रोबोटचा वरचा खर्च मिळेलच असे धरून चालू नये. योजनेतल्या दवाखान्यात दाराजवळच आरोग्यमित्र बसतो. दाखल व्हायच्या आधी त्याला भेटा आणि कोणते पॅकेज लागू होते ते विचारून घ्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत हवे. योजनेत दाखल होऊनही वरचे पैसे मागितले, तर पावती मागा आणि आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार करा. कर्करोगाच्या रोग्याला एसटीत आणि रेल्वेतही सवलत आहे. त्यासाठी दवाखान्याचा दाखला घ्यायला विसरू नका.

गावाने काय करावे?

ग्रामसेवक, तलाठी (नावे सरकारने बदलली तरी आपण अजून हेच म्हणतो), सरपंच आणि आशाताई, तुमच्यासाठी हा शेवटचा भाग. उपकेंद्रावर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सरकारी तपासणी होते. गुदाशयाची त्यात नाही. म्हणजे हा रोग तपासणीच्या मोहिमेत आपोआप सापडणार नाही. रोग्याने तोंड उघडले तरच सापडेल.

तोंड उघडायला लावता येते, याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथली माणसे नोंदी घ्यायला गावोगाव फिरली, तेव्हा रोगाची माहितीही सांगत गेली. गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बायका पुढे लवकरच्या पायरीवर येऊ लागल्या, असे त्यांनी १९९५ मध्ये छापून दाखवले. त्यासाठी मोठे यंत्र लागले नाही. गावात जाऊन बोलणारी माणसे लागली.

तेव्हा ग्रामसभेत पाच मिनिटे काढा आणि एवढेच सांगा : शौचातून रक्त किंवा शेंब पडत असेल, शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदललेली असेल, तर वय काहीही असो, मूळव्याध समजून घरी इलाज करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि ‘बोट घालून तपासा’ असे स्वतः सांगा. खालच्या गाठी बऱ्याचदा या एका मिनिटाच्या तपासणीतच हाताला लागतात. संशय आला तर दुर्बिणीने आतडे बघून तुकडा तपासायला देतात. रेशनकार्डावर नाव चुकले असेल, आधार जुळत नसेल, तर ते माणूस आजारी पडायच्या आधी दुरुस्त करून द्या. दवाखान्याच्या दारात ते होत नाही.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. आणि ज्या घरात कोणी शेक घेऊन परत आले असेल, तिथे आशाताईंनी जाऊन ऑपरेशनची तारीख कोणती आहे, हे या आठवड्यातच विचारून यावे.